दगडू सुधारला, पण परश्याचं काय?

2014 च्या जानेवारीत मी अकरावीत होते. पवनीत राहून नवा मराठी सिनेमा बघायचा तर एक तर नागपूर गाठायचं, नाही तर तो कुणाच्या तरी मेमरी कार्डात यायची वाट बघायची. 'टाइमपास' आमच्याकडे असाच आला. महिन्याभरात वर्गातल्या एका मुलाचं नाव 'दगडू' पडलं.

तो टपोरी नव्हता. कुणाच्या मागेही लागला नव्हता. मराठीच्या तासाला धडा वाचताना तो 'पाणी'ला 'पानी' म्हणाला, एवढंच. खरं तर घरी आम्ही सगळेच 'पानी' म्हणतो. शाळेच्या फाटकातून आत शिरताना जीभ बदलायची, हे बाकीच्यांना जमलं होतं आणि त्याला जमलं नव्हतं. वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्याने मोठ्याने धडा वाचलेला मला आठवत नाही. 'दगडू' हे नाव आपण कुणाला दिलं आणि कुणाला देण्याचं कुणाच्या मनातही आलं नसतं, हा प्रश्न मला पडायला पुढची सहा-सात वर्षं लागली. तोच प्रश्न आज माझ्या प्रबंधाचा एक भाग आहे, म्हणून हा लेख.

साचा म्हणजे काय

आधी एक शब्द समजून घेऊ. 'स्टिरिओटाइप' हा मूळचा छापखान्यातला शब्द. जुळवलेल्या खिळ्यांवरून एक अखंड पत्रा ओतून घ्यायचा आणि त्याच पत्र्यावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये दिदो नावाच्या मुद्रकाने हा शब्द रुळवला. 1922 मध्ये वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने तो माणसांबद्दलच्या ठोकळेबाज कल्पनांसाठी वापरला आणि पुढे तोच अर्थ चिकटला. मराठीत आपण 'साचा' म्हणतो आणि तोही कारखान्यातलाच शब्द आहे. साच्याचा फायदा असा की प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा लागत नाही. सिनेमाला तो हवाच असतो. दोन तासांत गोष्ट सांगायची तर पहिल्या दोन मिनिटांत प्रेक्षकाला कळायला हवं की हा हिरो, ही हिरॉईन, आणि हसायचं कुणावर.

किशोरवयीन प्रेमकथांमध्ये तर साच्यांची रेलचेल असते, कारण पात्रांना पूर्वायुष्यच नसतं. पंधरा वर्षांच्या मुलाची ओळख काय सांगणार? त्याचं घर, त्याचा बाप, त्याचं आडनाव आणि त्याची भाषा. अमेरिकेत 1984 साली आलेल्या 'सिक्स्टीन कँडल्स' या चित्रपटात एक आशियाई विद्यार्थी आहे. तो पडद्यावर आला की पार्श्वभूमीला घंटेचा टोल वाजतो, जणू 'आता हसा' अशी सूचनाच. आपल्याकडे असा टोल वाजवावा लागत नाही. आपल्याकडे पात्राने तोंड उघडलं की पुरतं.

ही वहिवाट किती जुनी

ही युक्ती सिनेमाने शोधलेली नाही. नाट्यशास्त्रात कुठल्या पात्राने कुठली भाषा बोलायची याचे नियमच दिले आहेत. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, तर बहुतेक स्त्रिया, नोकरचाकर आणि विदूषक प्राकृत बोलतात. विदूषक जातीने ब्राह्मण असला तरी त्याच्या तोंडी प्राकृतच. हशा कुणावर होणार, हे भाषेनेच ठरवून टाकलेलं.

आता जरा पवनीला या. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं, तेव्हा मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत लेख आहेत, त्यात दान देणाऱ्यांची नावंही आहेत. भाषा प्राकृत. म्हणजे नाटकाने जी भाषा विदूषकाच्या तोंडी घातली, त्याच भाषाकुळातली भाषा आमच्या गावात माणसांनी अभिमानाने दगडावर कोरून घेतली होती.

यात आणखी एक गंमत आहे. नाटकांतल्या आणि गाथांमधल्या महाराष्ट्री प्राकृतात 'न'चा सर्रास 'ण' होतो. त्या काळी संस्कृतवाल्यांच्या कानाला 'ण' गावंढळ वाटत असणार. आमच्या झाडीबोलीत उलट आहे. तिथे 'ण' नाही, 'ळ' नाही. 'पाणी'चं 'पानी' होतं, 'डोळा'चा 'डोरा' होतो. आज 'न' गावंढळ ठरतो. दोन हजार वर्षांत अक्षरांनी जागा बदलल्या, पण हसणारे आणि ज्याच्यावर हसायचं ते यांच्यातलं अंतर तसंच राहिलं. म्हणजे दोष अक्षरात नव्हताच.

आणि हे फक्त पुण्या-मुंबईचे लोक आमच्याबाबतीत करतात, असंही समजू नका. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडईचा हंगाम सुरू होतो. रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. मी लहानपणापासून पाहिलेल्या नाटकांत नायक-नायिका छापील मराठी बोलायचे आणि नोकर किंवा विनोदी जोडी झाडीबोली. समोर बसलेले सगळे झाडीबोलीच बोलणारे, आणि तेच सगळ्यात मोठ्याने हसायचे. आपण आपल्यावर हसतोय हे कुणाच्या लक्षात येत नसे. माझ्याही नाही.

मधला काळ: जात कुठे गेली?

सिनेमातल्या कोवळ्या प्रेमाचा मोठा बाजार उभा राहिला तो 'बॉबी'ने, 1973 मध्ये. बॉबी गोव्याकडच्या ख्रिस्ती कोळी कुटुंबातली. बाप जॅक ब्रॅगांझा गडगडाटी हसणारा, दारूचा शौकीन. 'गोवेकर म्हणजे मासे आणि दारू' हा साचा हिंदी सिनेमाने वर्षानुवर्षं वापरला, 'बॉबी'नेही वापरला. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मुलगा हिंदू, मुलगी ख्रिस्ती, तरी भांडण मात्र श्रीमंती-गरिबीचं दाखवलं आहे. धर्म कपड्यांत, नावात आणि बाटलीत दिसतो. वादात तो फारसा येतच नाही.

मराठीत ऐंशीच्या दशकात तरुणांची प्रेमं जोरात चालली होती, पण विनोदाच्या राज्यात. 'अशी ही बनवाबनवी' (1988) घ्या. चार मित्रांपुढचा मुख्य प्रश्न घरभाड्याचा आहे. प्रेमं जुळतात, गैरसमज होतात, मिटतात. जातीचा प्रश्न या जगात शिरतच नाही. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पात्राचं नाव त्यात परशुराम, म्हणजे परश्या. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

2012 ते 2014: साचा पक्का होतो

2012 च्या जानेवारीत सुजय डहाके यांचा 'शाळा' प्रदर्शित झाला. मिलिंद बोकील यांची कादंबरी, आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. मुलगी हाका मारायलासुद्धा आडनावाने. शाळेत असंच असतं, म्हणून ते खरं वाटतं. पण आडनावाने हाक मारायची सोय सगळ्यांना सारखी नसते, हे ज्यांचं आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो त्यांना विचारा.

2013 च्या जानेवारीत रवी जाधव यांचा 'बालक-पालक' आला आणि 3 जानेवारी 2014 ला त्यांचाच 'टाइमपास'. इथे पात्रनिवडीकडे बघा. 'बालक-पालक'मधला चाळीतला सगळं माहीत असलेला विशू म्हणजे प्रथमेश परब, आणि 'टाइमपास'मधला दगडूही प्रथमेश परब. 'शाळा'तली शिरोडकर म्हणजे केतकी माटेगावकर, आणि 'टाइमपास'मधली प्राजक्ता लेलेही केतकी माटेगावकर. दोन्ही कलाकार गुणी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आधीच्या सिनेमातून प्रेक्षकाच्या मनात बसलेले दोन चेहरे आता समोरासमोर उभे केले गेले. एकीकडे दहावी नापास, पेपर टाकणारा, रिक्षावाल्याचा मुलगा दगडू परब. दुसरीकडे हळुवार, गाणारी, शुद्ध बोलणारी प्राजक्ता. आणि मध्ये तिचे वडील माधव लेले, संस्कारांचा जप करणारे, भेदरवून सोडणारे आणि तरी हास्यास्पद.

संपूर्ण चित्रपटात दरी दिसते ती बोलण्याची, वागण्याची, शिक्षणाची आणि पैशाची. जातीचं नाव कुणी घेत नाही. घ्यायची गरजही नाही, कारण लेले आणि परब ही दोन आडनावं ऐकल्यावर मराठी प्रेक्षक आपापलं गणित मनात करून मोकळा होतो. आणि दरी भाषेची असेल तर ती बुजवता येते, हा दिलासाही मिळतो. मुलाने सुधारावं, कमवावं, नीट बोलावं. 'टाइमपास 2'मध्ये (2015) दगडू खरंच यशस्वी होऊन परत येतो.

साच्याचं हे काम मला सगळ्यात घातक वाटतं. चेष्टा तर तो करतोच, पण सोबत उपायही सुचवतो आणि तो उपाय ज्याच्यावर हसलं जातं त्यानेच करायचा असतो. माझ्या वर्गातल्या मुलाने तेच केलं. त्याने वाचणं सोडलं.

सहा आठवड्यांनी

'टाइमपास' लागल्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, 14 फेब्रुवारी 2014 ला, नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला. व्हॅलेंटाइन डेचा मुहूर्त होता. जाहिरातीही अशा, की पुन्हा एक गोड शाळकरी प्रेमकथा असावी असं वाटावं. माझ्या काही मैत्रिणींनी तो 'टाइमपास'सारखा असेल म्हणूनच बघितला.

सुरुवातीला साचे सगळे जागेवर आहेत. वर्गात मुलीकडे चोरून बघणारा जब्या, त्याचा मित्र पिऱ्या, वशीकरणासाठी हवी असलेली काळी चिमणी, नव्या कपड्यांची हौस. फक्त एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. जब्या आणि शालू यांच्यात संवाद असा होतच नाही. दोघं एकाच गावात, एकाच शाळेत आहेत. शेवटी जब्याच्या कुटुंबाला गावासमोर डुकरं पकडावी लागतात आणि गाव बघत हसतं. त्या हसणाऱ्यांत शालूही आहे. मग जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्या दिशेने. थिएटरात हसून झालेल्या प्रेक्षकालाच तो लागतो.

त्याच वर्षी 28 एप्रिलला अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात सतरा वर्षांच्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या मानलेल्या जातीतल्या मुलीशी त्याचं बोलणं आहे, असा संशय हे कारण. 2017 मध्ये सत्र न्यायालयात सगळे आरोपी निर्दोष सुटले, अनेक साक्षीदार फितूर झाले होते. तो मुलगा जवळपास आमच्याच वयाचा होता. 'हे तिकडचं, आमच्याकडे असं नाही' असं म्हणायची सोय भंडारा जिल्ह्याला नाही. 2006 सालची खैरलांजी आमच्याच मोहाडी तालुक्यातली.

परश्याला सुधारायचं तरी काय?

29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला. खर्ड्याच्या घटनेला दोन वर्षं आणि एक दिवस झाला होता. तारखांचा हा योगायोग असेल, पण विषयाचा नाही.

'सैराट'वर भरपूर लिहून झालंय. मी फक्त साच्यांपुरतं बोलते. रसायनशास्त्रात एमएस्सी केल्यामुळे मला तक्ते करायची खोड आहे. 'शाळा', 'बालक-पालक', 'टाइमपास', 'फँड्री', 'सैराट' या पाच चित्रपटांचा मी एक तक्ता केला. रकाने साधे: पात्राचं आडनाव, घर, बोली, अभ्यासातली गती, हसवतं कोण, शेवट कोण ठरवतं. पाच चित्रपटांवरून सिद्धांत मांडता येत नाही, नमुना लहान असेल तर निष्कर्षही लहान ठेवायचा. पण 'सैराट'चा रकाना भरताना मी थांबले.

कारण आर्ची पाटील आणि परश्या काळे एकच बोली बोलतात. पुढाऱ्याची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्याचा मुलगा, दोघांचीही भाषा करमाळ्याकडची. प्राजक्ता आणि दगडू यांच्यात जी भाषेची दरी होती, ती इथे नाहीच. परश्या नापास नाही, तो वर्गातला हुशार मुलगा आहे आणि क्रिकेट संघाचा कप्तान. आर्ची हळुवार गाणारी मुलगी नाही, ती बुलेट आणि ट्रॅक्टर चालवते. म्हणजे 'टाइमपास'च्या जगात दगडूला जे जे करून दाखवायचं होतं, ते परश्याकडे पहिल्या दिवसापासून आहे.

पुढे हैदराबादला जाऊन दोघं काय करतात? तेच, जे 'सुधारा' म्हणणाऱ्याला हवं असतं. काम धरतात. आर्ची कारखान्यात जाते, तेलुगू शिकते. संसार उभा राहतो, मूल होतं. नवी भाषा, पैसा, घर, सगळं मिळवून झाल्यावर माहेरची माणसं भेटीच्या वस्तू घेऊन येतात. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

लिटमसचा कागद तुम्ही शाळेत वापरला असेल. द्राव आम्ल आहे की नाही ते तो सांगतो. पण कागद निळा रंगवून काढला, म्हणून द्रावातलं आम्ल कमी होत नाही. उच्चार, कपडे, वागणं हा आपल्या समाजातला लिटमस आहे. 'टाइमपास' आपल्याला कागद रंगवायला सांगतो. 'सैराट'ने तो कागदच काढून घेतला आणि आम्ल तसंच्या तसं भांड्यात दिसलं.

1988 चा परश्या साडी नेसून सगळ्यांना फसवतो आणि शेवटी लग्नाच्या गोडव्यात सामील होतो. 2016 चा परश्या कुणाला फसवत नाही आणि तरी वाचत नाही. पहिल्याच्या जगात जातीचं नाव नव्हतं म्हणून तो हसू शकला, असं आज मला वाटतं.

साचा मोडतो आणि पुन्हा ओतला जातो

मंजुळे यांनी साचे संपवले, असं मात्र मी म्हणणार नाही. लंगड्या या मित्राच्या व्यंगावर 'सैराट'मध्ये हशा होतोच, आणि मार खायची पाळी आली की तो आणि सल्या पुढे असतात. विनोदी मित्राने हिरोच्या प्रेमाची किंमत चुकवायची, हा साचा तिथेही शाबूत आहे. निदान ती किंमत पडद्यावर दिसते, इतका फरक.

बाजाराने तर 'सैराट'मधून स्वतःला हवं तेच उचललं. शंभर कोटींच्या घरात पोचलेला तो पहिला मराठी चित्रपट, साहजिकच त्याचे कन्नड, पंजाबी, ओडिया अवतार निघाले. हिंदीत 'धडक' (2018) आला, तोवर गोष्ट उदयपूरच्या हवेलीत पोचली होती आणि जातीची धार बरीच बोथट झाली होती. मराठीत उरलं ते 'गावरान प्रेम': विहिरीत उडी, शेतातलं गाणं, रांगडी भाषा. ज्या बोलीने साचा मोडला होता, तीच बोली नवा साचा बनली.

हे मला वसतिगृहात कळलं. पीएचडीसाठी पुण्याला आले तेव्हा माझा 'न' ऐकून खोलीतल्या मुली प्रेमाने म्हणायच्या, "सैराटसारखं बोल ना जरा!" करमाळा पवनीपासून पाचशे किलोमीटरहून जास्त लांब आहे. तिकडची बोली मलाही सिनेमातूनच माहीत. पण त्यांच्या लेखी 'गावाकडचं' म्हणजे एकच डबा, त्यात भंडाराही आला आणि सोलापूरही. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्याही मनात नव्हतं, 2014 मध्ये.

म्हणून मी तुम्हाला हे सिनेमे बघू नका, असं सांगणार नाही. 'टाइमपास' मी आजही लागला की बघते आणि हसते. फक्त एकदा कागद-पेन घेऊन बघा. हशा नेमका कुठल्या शब्दावर येतो ते लिहा. तो शब्द तुमच्या घरात कोण बोलतं, तेही शेजारी लिहा. माझ्या तक्त्यातला सगळ्यात बोलका रकाना तोच निघाला, आणि तो भरायला कुठल्याही पदवीची गरज नाही.

गेल्या दिवाळीत पवनीच्या बसस्थानकावर तो भेटला. आता तो दुकान चालवतो, मुलगी बालवाडीत आहे. मी काय शिकते असं त्याने विचारलं. मी सांगितलं, सिनेमातल्या साच्यांबद्दल. तो म्हणाला, "म्हणजे मी तुझ्या पुस्तकात आहो का मग?" आणि हसला. मी त्या दिवसाची माफी मागितली. त्याला तो दिवस आठवत होता, पण तो "सोड ना" एवढंच म्हणाला. बस लागली होती, तो निघून गेला. नंतर फोन काढून बघितला तर त्याचा नंबर माझ्याकडे अजून 'दगडू' म्हणूनच साठवलेला होता. तिथेच उभं राहून तो बदलला. त्याचं खरं नाव लिहिलं, आडनावाशिवाय.